सोपानरावांच्या डब्यातली फुलं

सोपानराव कंडक्टरांच्या जेवणाच्या डब्यात भाकरी नसे, फुलं असत. पांढरट, नाजूक, पपईची. कर्जतहून नगरला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत ते चढले, की आधी डबा पुढच्या बाकावर ठेवीत आणि मग तिकिटांना हात घालीत. डब्याशेजारी कुणी ऐसपैस टेकलं, की लगेच म्हणत, "पाव्हणं, जरा सरका. नवरदेव बसल्यात!"

मी तेव्हा मिरजगावच्या शाळेत मास्तर होतो. रोज त्याच गाडीनं जायचो. साल दुष्काळाचं.

मिरजगावच्या स्टँडमागं साळूबाई राहायची. स्टँड झाडायची, प्रवाशांसाठी रांजण भरायची. तिच्या दारातली पपई भरपूर फुलायची, पण एक फळ धरेल तर शपथ. सोपानरावांनी एकदा झाड न्याहाळलं.

"बाई, ही मादी हाय. हिला नराच्या फुलातली भुकटी लागती. नर कुठंय?"

नर कुठला असायला! फळ देत नाही म्हणून गावानं नर-झाडं केव्हाच तोडली होती. सोपानरावांच्या अंगणात मात्र एक होतं. दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू झाला.

गाडी थांबली, की सोपानराव पळत. साळूबाईच्या स्टुलावर चढून नराचं फूल उकलत आणि आतली पिवळी भुकटी मादीच्या फुलाला हळूच लावत. इकडं ड्रायव्हरचा हॉर्न चालू.

"थांब की लेका! औंदा माश्या न्हाईत, त्यांची ड्युटी बी मीच करतोय!"

प्रवासी आधी कुरकुरले. मग तेच खिडकीतून माना काढून विचारू लागले, "धरलं का वो?"

एके दिवशी नेमका तपासनीस उभा.

"कंडक्टर, गाडी सोडून स्टुलावर काय करताय?"

सोपानरावांचा चेहरा उतरला. नोकरीवरच आलं होतं. तेवढ्यात गाडीतून एक म्हातारा ओरडला, "इंजिन तापलंय सायेब! पानी वतायचं हाय!"

साळूबाई कळशी घेऊन धावली. ड्रायव्हरनं गंभीर चेहऱ्यानं बॉनेट उघडलं. चांगल्या थंडगार इंजिनासाठी सगळी गाडी हळहळत होती. साहेबांनी इंजिनाकडं पाहिलं, मग सोपानरावांच्या हातातल्या फुलाकडं. "आटपा लवकर," म्हणाले आणि निघून गेले.

पाच-सहा महिन्यांनी पपया पिकल्या. पहिली साळूबाईनं सोपानरावांना दिली. रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं.

घरात ते एकटेच. गल्लीत टँकरची रांग आणि यांच्या पपईचं आळं ओलं! शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "मास्तर, तुमी तरी सांगा. सोता अर्ध्या बादलीत आंघूळ करत्यात, आन् उरलेली या बिनफळाच्या झाडाला."

सोपानराव पपई चिरत राहिले. ती आत गेल्यावर म्हणाले, "आमच्या मंडळींनी लावलं हुतं. रोज इचारायची, फुलंल कवा? फुलायच्या आत गेली. मंग कळलं, नर हाय. लोक म्हनले, तोडा. तोडवंल का, मास्तर?"

मी फोड तोंडात घातली.

त्यांनी काळ्या बिया राखेत घोळल्या आणि कागदावर सावलीत पसरल्या. "पाऊस झाला की लावू."

"आणि पुन्हा नरच निघाला तर?"

"निघू द्या की. त्याला बी पानी घालू."