परगण्याच्या बंदीखान्यात 'येतो' शब्दाने जाहला अनर्थ

श्रीकुलस्वामिनी समर्थ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, कार्तिक मासी जे घडले ते लिहितो. ऐकिले तैसे लिहिले, पदरचे घातले असेल तर तिखटमिठापुरते. सातासमुद्रांपलीकडे एक राज्य, नाव पुसू नये. त्या राज्यात परगणे बहुत आणि परगण्यागणिक एक बंदीखाना, आणि हुकूम ऐसा की कैद्यास कोणी भेटू नये, कागद धाडू नये, केवळ विजेचा निरोप धाडावा. तो कैद्याच्या हातातील काचेच्या पाटीवर उमटे आणि कैद्याचे उत्तर घरच्या फोनवर येई, परंतु येता-जाता प्रत्येक अक्षर तपासनीस वाचीत, आणि भाषा परकी असल्यास यंत्ररूपी दुभाष्यास अर्थ पुसत. दुभाष्यास शब्द ठाऊक, बोलण्याची रीत ठाऊक नाही.

त्या परगण्यात निरंजनराव कवठेकर नामे गृहस्थ चाकरीनिमित्त सहकुटुंब राहात. एके दिवशी गाडी हाकीत घरी येताना शिपायांनी अडविले आणि नाव विचारले, तों त्याच नावाचा कोणी भामटा सरकारास हवा होता. मग काय विचारता, नावास नाव मिळाले आणि भल्या माणसास बेड्या पडल्या. कुटुंब रेवतीबाई परक्या मुलुखात एकट्या, त्यांचे पायाखालची जमीन सरकली. वकील बोलिले, "बोटांचे ठसे जुळत नाहीत हे सिद्ध होईपर्यंत कळ काढा. निरोप मात्र धाडत राहा, आत माणूस खचतो." मग बाईंनी लिहिले, "अहो, जेवलात का? पांघरूण दिलंय ना?" आणि उत्तर आले, "जेवलो. इथलं वरण म्हणजे पिवळं पाणी. तू रडत बसू नकोस. बरं, येतो." ऐसे रोज चालले, आणि बाई आधी शेवटला 'येतो' पाहात आणि मग वरचा मजकूर वाचीत. कारण निरोप घेताना 'जातो' म्हणू नये ही चाल आपणा सर्वांची, परंतु त्या घरी तिचा धाक विशेष. सासरे एकदा रागाच्या भरात 'जातो' म्हणोन उंबरा ओलांडते जाहले ते वाटेतच निवर्तले, आणि तेव्हापासून तो शब्द त्या घरात कोणी तोंडातून काढिला नाही.

तों एके दिवशी उत्तर आले नाही. दुसरे दिवशीही नाही. फोनवर इतकेच अक्षर, 'तपासणी चालू आहे'. बाईंनी भाजी चढविली ती करपली, आणि मनात नाही नाही ते येऊ लागले. मग फोन वाजला, आणि बाईंनी देवाचे नाव घेऊन सवयीने आधी शेवटला शब्द पाहिला. निरोप ऐसा: "रेवती, मी ठीक आहे. माझी काळजी करू नकोस. जातो."

बाईंस कळून चुकले की माणूस जिवावर उदार जाहला. पायात काय घातले याची शुद्ध न राहता बंदीखान्याच्या खिडकीशी धावल्या आणि तपासनिसापुढे हात जोडोन बोलिल्या, "साहेब, माझे यजमान जिवंत आहेत का तेवढं बघून सांगा. बाकी काही नको." तपासनीस आत गेले. बाई गजांस धरोन उभ्या, आणि आतून कोणाचे पाऊल वाजले की टाचा उंचावून पाहात. मग तपासनीस बाहेर येऊन बोलिले, "सफरचंद खात बसलेत. पण बाई, त्यांनी रोज पळून येण्याची धमकी का द्यावी?"

"धमकी?"

"प्रत्येक निरोपाखाली लिहीत, मी येतो! दुभाष्याने साफ सांगितलं. म्हणून पाटी काढून घेतली आणि एकांत कोठडीत ठेवलं. मग ते म्हणू लागले, आमच्यात येतो म्हणजे जातो. मी म्हटलं, तर मग जातोच लिहा, नाहीतर पाटी मिळणार नाही."

बाई तेथेच खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या, आणि घरी येऊन लिहिते जाहल्या, "अहो, पाया पडते, तो शब्द नका लिहू. शेवटी काहीच लिहू नका." मग निरोप येत ते 'बरं' शब्दाशी तुटत, आणि पुढले बाई मनातच वाचीत. परंतु शब्द एकदा उमटला तो उमटला, ही धास्ती काही जाईना.

पुढे ठसे जुळले नाहीत आणि सुटकेचा हुकूम जाहला. बाई दरवाजाशी उभ्या. निरंजनराव निम्मे होऊन बाहेर आले, आणि घराणे सभ्य, तेव्हा वळोन पहारेकऱ्यास हात जोडिले आणि सवयीने बोलिले, "बरं, ये—"

बाईंनी झडप घालून त्यांचे तोंडावर हात ठेविला. "काय बोलताय! इथे पुन्हा यायचंय का? जातो म्हणा! मोठ्याने म्हणा!"

निरंजनरावांस वडिलांचे स्मरण जाहले असावे. मग बाईंचा हात घट्ट धरोन खणखणीत बोलिले, "जातो!"

एवंच, 'येतो' म्हणत होते तोवर सरकारने सोडिले नाही; 'जातो' म्हणोन गेले आणि घरी आले. कार्तिकातली हकीकत एवढीच.