ऑलरेडी दुरुस्त बांधाची हकीकत

श्रीकाळपुरुष प्रसन्न. झाले आणि होणार यांमध्ये ज्याने केसाएवढे अंतर ठेविले, त्यास दंडवत घालोन लिहिले जाते ऐसे जे, शके सतराशे बत्तीस, प्रमोदनाम संवत्सरी एका राज्यात टोपीकरांचा वकील आला आणि नजराण्यात घड्याळ, दुर्बीण आणि 'ऑलरेडी' हा शब्द देता जाहला. घड्याळ बंद पडले आणि दुर्बीण फुटली, शब्द मात्र टिकला. वकिलाने अर्थ सांगितला जे, काम आधीच होऊन गेले असता हा बोलावा. महाराज संतोषले आणि आज्ञा केली जे, ज्या कामास ऑलरेडी म्हटले त्यावर शिक्का व्हावा, आणि शिक्का जाहल्यावर ते काम कोणी पुन्हा काढू नये. काढील त्याने दरबारास खोटे पाडिले ऐसे समजावे. मग कारभारी अंताजीपंत यांस मोठा विसावा जाहला. रस्ता पुसला, ऑलरेडी. तट पुसला, ऑलरेडी. आणि सासूने दळण पुसले तरी सून तेच म्हणे, आणि पाहुण्यास दारातच कळे की जेवणे ऑलरेडी आटोपली.

त्या समयी तळ्याचा राखणदार सटवाजी दरबारी आला. मनुष्य अबोल, पाण्याशी बोलणे अधिक, माणसांशी थोडके. अर्ज केला जे, बांधास चीर पडली आहे, खाली कोष्टीआळी आहे, तेथे लेक राही दिवस भरत आलेली आहे, तरी पावसाळ्याआधी डागडुजी व्हावी. परंतु गुदस्ता महाराजांनी पालखीतून सहज बांध पुसला, पंतांनी ऑलरेडी म्हटले, आणि तेव्हाच बांधावर शिक्का जाहला होता. पंतांनी दप्तर उघडोन तो दाखविला.

"सटवाजी, बांध ऑलरेडी दुरुस्त आहे."

"पंत, चिरेत माझा हात जातो."

"मग हात काढोन घे. शिक्क्यास चीर नाही."

सभा हसली. सटवाजी दुसऱ्याने आला, तेव्हा चिरेत कोपर जात होते. आषाढात तिसऱ्याने आला, तेव्हा पंत म्हणाले की खांदा गेला म्हणजे ये. मग तो घरी न जाता थेट कोष्टीआळीत गेला आणि डफ वाजवोन लेकीसुद्धा सारी आळी टेकडीवर चढविली. दुसरे दिवशी तिसऱ्या प्रहरी बांध फुटला. माणूस एकही गेले नाही. परंतु माग वाहोन गेले, आणि अर्धी विणलेली पातळे पाण्यावर ऐसी पसरली, जणू नेसणारी येईल म्हणोन कोणी मांडोन ठेविली आणि ती आलीच नाही.

मग महाराज टेकडीवर आले. पंतांनी अर्ज केला जे, दप्तरी बांध शाबूत आहे, सबब अपराध पाण्याचा. महाराज रागे भरोन सटवाजीस पुसते जाहले, "चीर होती, तर आम्हांस सांगितले का नाही?"

सटवाजी लेकीच्या डोईवरची घोंगडी सारखी करीत होता. तो वर न पाहता म्हणाला, "महाराज, ऑलरेडी."

त्या राज्यात हा शब्द त्या दिवशी प्रथम खरा बोलला गेला, आणि पंतांनी सवयीप्रमाणे त्यावरही शिक्का केला.

तात्पर्य, शब्द परका होता, लबाडी घरचीच होती. आणि तो खरा ठरला, त्या दिवशी करावयाचे काही उरले नव्हते. जैसे घडले तैसे लिहिले. उणे असेल ते तळ्याच्या कोरड्या तळाशी जाऊन वाचावे.