खताळ साहेबांची हजेरी

कुरकुंभच्या आमच्या कंपनीत पगारवाढ हवी असेल तर आधी गोठा झाडून घ्यावा लागतो. कंपनी औषधांना लागणारी रसायनं बनवते. दुधाशी तिचा संबंध चहापुरता. तरीही मार्च महिना आला की वरवंड, पाटस, गिरीम या गावांतले आमचे ऑपरेटर शिफ्ट संपवून गव्हाणी धुताना दिसतात. कारण मार्चमध्ये खताळ साहेब घरी येतात.

बिरुदेव खताळ आमचे एचआर ऑफिसर. वय बावन्न. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात सेफ्टी शूज. ऑफिसात बसणाऱ्याला ते शूज सक्तीचे नाहीत, पण कामगाराला सक्ती आणि आपल्याला चप्पल हे त्यांना बरं दिसत नाही. मी कंपनीची गृहपत्रिका काढतो आणि त्यांच्याच खोलीत बसतो. पुढचं बरंचसं मी स्वतः पाहिलेलं आहे. उरलेलं दोन माणसांकडून पडताळून घेतलं आहे.

वर्षाच्या शेवटी प्रत्येक कामगाराला पाचपैकी गुण द्यायचे असतात. त्यावर वाढ ठरते. बाकीच्या कंपन्यांत साहेब लोक खुर्चीत बसून हे काम उरकतात. खताळ साहेबांचं मत असं की खुर्चीसमोर माणूस खोटं बोलतो. म्हणून ते मोपेडवरून कामगाराच्या गावी जातात, चहा घेतात आणि मागच्या दारानं गोठ्यात शिरतात. गोठा नसेल तर पाण्याच्या हंड्यावर झाकण आहे का बघतात. बिहारहून आलेल्या दोन केमिस्टांच्या खोलीवर ते एकदा गेले होते. त्या दोघांना त्यांच्या कामाविषयी एकही प्रश्न विचारला गेला नाही. "हंडा खुल्ला क्यूं रखा?" एवढं एकच विचारलं गेलं. तेव्हापासून त्या खोलीतल्या साखरेच्या डब्यालाही दोन झाकणं आहेत.

शेरे ते तिथंच लिहितात. 'गोठा कोरडा. रिअ‍ॅक्टर देता येईल.' 'दावं जुनं, पण गाठ पक्की. देखभाल विभाग.' मारुती शितोळे या ऑपरेटरनं एका वर्षी मेव्हण्याची धुतलेली म्हैस आणून दारात बांधली. साहेबांसमोर तिच्या पाठीवर प्रेमानं हात फिरवायला गेला आणि तिनं त्याला लाथ घातली. शेरा असा पडला: 'म्हैस यांची नाही. प्रयत्नाला एक गुण.'

पुण्याच्या मुख्य ऑफिसातून आलेल्या मॅडमनी एकदा त्यांना विचारलं, की या पद्धतीला आधार काय. खताळ साहेब म्हणाले, "मॅडम, अवेळी रिअ‍ॅक्टर तापला तर ह्यो माणूस जागचा उठंल का न्हाई, ते तुमच्या संगणकावर दिसत न्हाई. गोठ्यात दिसतं."

या पद्धतीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ज्ञानदेव घुले. पाटसचा, बॉयलरवरचा माणूस, तोंडानं तिखट. साहेब त्याच्या घरी गेले तेव्हा भर दुपारी कुत्रं उन्हात बांधलेलं होतं आणि त्याचं भांडं कोरडं होतं. घुल्याला दोन गुण मिळाले. बॉयलरवर त्या वर्षात त्याची एकही चूक नव्हती. तो वर्षभर कॅन्टीनमध्ये प्रत्येकाला सांगत होता, "लोकांची वाढ साहेब खात्यात, माझी कुत्र्यानं खाल्ली."

दुसरा छळ रजेचा. रजेच्या अर्जात कारणाला एक ओळ असते. खताळ साहेबांना ती पुरत नाही. बहिणीकडं जायचं म्हटलं की कंची बहीण, थोरली का धाकटी, कुठल्या गावाला, मुक्काम किती, परत कवा, कुठल्या एसटीनं. गुडघा दुखतो म्हटलं की डावा का उजवा. हे सगळं ते पाठीमागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतात. किसन नावाचा एक जुना कामगार म्हणायचा, की माझी सोयरीक जमवताना माझ्या सासऱ्यानं एवढं विचारलं नव्हतं.

आणि तिसरं म्हणजे मस्टर. हजेरीला दारात अंगठ्याचं यंत्र बसून बरीच वर्षं झाली. तरी साहेब कागदी मस्टर ठेवतात. "यंत्राला अंगठा कळतो, माणूस कळत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. संध्याकाळी ते मस्टर कापडी पिशवीत घालून दौंडला घरी नेतात आणि सकाळी परत आणतात. ते घरी कशाला नेतात, यावर कॅन्टीनमध्ये दोन पक्ष होते. एक म्हणे, साहेबांना झोप लागायला वाचायला काहीतरी लागतं. दुसरा म्हणे, बायकोला दाखवायला, म्हणजे आपण कामावर होतो हे तिला पटावं. दुसरा पक्ष माहितीत कच्चा होता. त्यांच्या पत्नी शिरूरकडे शाळेत शिक्षिका आहेत, मुलीसह तिकडेच राहतात आणि शनिवारी दौंडला येतात. साहेबांच्या घरी आमच्यापैकी कुणी कधी गेलेलं नव्हतं. साहेबांनी कधी बोलावलंही नव्हतं.

गेल्या वर्षी मॅडमनी नवी प्रणाली आणली. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, रजेचा अर्ज संगणकावर करायचा आणि कारण सांगायचं नसेल तर 'खाजगी काम' या चौकटीवर बोट ठेवायचं. त्यापलीकडे कुणी विचारायचं नाही. खताळ साहेबांनी ती चौकट बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "खाजगी काम म्हंजी माणूस हरवला."

दुसरी गोष्ट त्यांच्यावरच आली. आता साहेबालाही खालच्या लोकांनी गुण द्यायचे होते. संगणक सात कामगार निवडणार, त्यांची नावं साहेबाला कळणार नाहीत. सरासरी तीनच्या खाली गेली तर कुरकुंभची जागा बंद होणार आणि साहेबांना गुजरातेतल्या युनिटला जावं लागणार. मॅडमनी हे त्यांना माझ्यासमोर सांगितलं आणि बदलीला काही अडचण आहे का, असंही नीट विचारलं.

"जमणार न्हाई," साहेब म्हणाले.

कारण काय म्हणून मॅडमनी विचारलं. साहेबांनी टेबलावरचं पेन खिशात घातलं, पुन्हा बाहेर काढलं.

"खाजगी हाय," ते म्हणाले.

संगणकानं निवडलेल्या सातांत किसन होता, मारुती शितोळे होता आणि ज्ञानदेव घुलेही होता. फॉर्म इंग्रजीत असल्यामुळे तो भरायला मदत करण्याचं काम, गुप्ततेच्या अटीवर, माझ्याकडे आलं. मी सातजणांना एकत्र बसवून पहिला प्रश्न समजावून सांगितला. घुले म्हणाला, एकपासून सुरुवात करा, पुढं जायची गरज न्हाई. किसननं त्याला गप्प केलं आणि एक मुद्दा काढला. साहेबांनी आपल्याला घर बघितल्याशिवाय कधी गुण दिले का? मग आपण कसे द्यायचे?

हे नियमात बसत नाही, असं मी सांगितलं.

"पेपरवाले, साहेब तरी कुठं नियमात बसत्यात," मारुती म्हणाला.

घुले लगेच तयार झाला. साहेबांच्या दारात काय काय घाण सापडेल याची यादी त्यानं जागेवरच सुरू केली. दुसऱ्या दिवशी सातही जणांनी एका दिवसाची रजा टाकली. बिंग फुटू नये म्हणून सगळ्यांनी एकाच चौकटीवर बोट ठेवलं: खाजगी काम. त्या दिवशी खताळ साहेब चार वेळा संगणकापाशी गेले. चौथ्यांदा परत येऊन त्यांनी मला विचारलं, की घुल्याच्या घरी कुणी आजारी आहे का. मी माहीत नाही म्हणालो.

साहेबांचं घर गोपाळवाडी रस्त्याला आहे. दोन खोल्या, पुढं ओटा, भोवती मेंदीचं कुंपण. ते सात आणि मी, असे आम्ही दिवस मावळताना पोचलो. कुंपणाबाहेर शेजारच्या एक बाई बादली घेऊन उभ्या होत्या. एवढे लोक बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि आम्हाला तिथंच थांबवलं.

ओट्यावर भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, हातात काठी, शेजारी झाकलेलं ताट. तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून खताळ साहेब बसले होते. मांडीवर मस्टर उघडं होतं.

"बाळू जगताप," साहेबांनी वाचलं.

"आला?"

"आला, आई."

"पाय कसा हाय त्याचा?"

"डावा गुडघा बरा हाय. पट्टा बांधतोय."

म्हातारीनं मान हलवली. साहेबांनी पुढचं नाव घेतलं. तो कामगारही आला होता. त्याच्या मुलीची दहावी होती, तेही साहेबांनी सांगितलं. त्यापुढचा रमेश रजेवर होता. तो इंदापूरला धाकट्या बहिणीकडं गेलाय, मुक्काम एक, उद्या सकाळच्या एसटीनं येतोय, असं साहेब म्हणाले. ठिकाण म्हाईत असलं म्हंजी झालं, असं म्हातारी म्हणाली.

शेजारच्या बाईंनी हळू आवाजात आम्हाला उलगडा केला. मेंढरं विकून तीस वर्षं झाली, पण म्हातारीला दोन-तीन वर्षांपासून वाटतं की कळप अजून बाहेरच आहे. सगळी वाघरीत आली, म्हणजे जाळीच्या आत आली, असं कळल्याशिवाय ती घास घेत नाही. आधी साहेब नुसतं 'आली' म्हणायचे. मग ती एकेकाचं नाव विचारायला लागली. "सायबांना मेंढरांची नावं कुठली आठवायला," बाई म्हणाल्या. "मग त्यांनी तुमची सांगाया सुरवात केली."

घुल्याचं तोंड उघडं राहिलं. "म्हंजी आपुन मेंढरं व्हय?" तो पुटपुटला.

"गप," किसन म्हणाला. "तुझा नंबर यायचाय."

आधी मारुतीचा आला. मारुती शितोळे, असं वाचून साहेब थांबले. आला का, म्हणून म्हातारीनं विचारलं. साहेब न्हाई म्हणाले. कुठं गेलाय, म्हणून तिनं विचारलं. साहेबांनी पान मागं उलटलं, पुढं उलटलं. खोटी हजेरी लावायची सवय त्या माणसाला नव्हती. घरीही नव्हती.

"खाजगी काम," ते म्हणाले.

"म्हंजी कुठं?"

"म्हाईत न्हाई, आई."

पुढचं नाव ज्ञानदेव घुले. तो कुठं, तेही माहीत नव्हतं. किसन कुठं, तेही नाही. असं सातव्या नावापर्यंत गेल्यावर म्हातारीनं ताट बाजूला सारलं आणि काठी रोवून उठायला लागली. दिवस बुडाला, लांडगं हायत, सात जीव बाहेर हायत, असं ती म्हणत होती. साहेबांनी तिला बसवलं नाही. त्यांनी मस्टर मिटलं, तिच्या चपला तिच्या पायांपुढं ठेवल्या आणि कोपराला धरलं.

"चल," ते म्हणाले. "बघून येऊ."

ते तिला कुठं नेणार होते, हे मला आजही सांगता येणार नाही. पण ते निघाले होते, एवढं मी पाहिलं.

सगळ्यात आधी घुले हलला. फाटक ढकलून तो ओट्यासमोर जाऊन उभा राहिला.

"घुले, आई," तो म्हणाला. "हाय मी. हितंच हाय."

मग मारुती गेला, किसन गेला, एकामागून एक बाकीचे गेले आणि प्रत्येकानं आपलं नाव सांगितलं. म्हातारीनं सातही जणांना निरखून बघितलं. घुल्याच्या दंडाला हात लावून पाहिला.

"वाळलाय ह्यो," ती साहेबांना म्हणाली. "ह्याला खायला घालत जा."

साहेब आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हते. त्यांनी मस्टर पुन्हा उघडलं, खिशातलं पेन काढलं आणि त्या सात नावांसमोर टेकवलं.

"कुठं म्हणून लिहू?" त्यांनी विचारलं.

"लिवा की," घुले म्हणाला. "सायबांच्या घरी."

साहेबांनी ते सात वेळा लिहिलं. तोवर म्हातारीनं ताटावरचं झाकण काढलं होतं.

फॉर्म दुसऱ्या दिवशी भरले गेले. गुण गोपनीय असल्यामुळे इथे देता येत नाहीत. खताळ साहेबांची बदली झाली नाही, हे मात्र सगळ्यांना माहीत आहे.

गेल्या महिन्यात घुल्यानं दोन दिवसांची रजा टाकली. कारण म्हणून त्यानं संगणकावर खाजगी कामाच्या चौकटीवरच बोट ठेवलं, कारण ते सोपं पडतं. संध्याकाळी पाचला खोलीतला फोन वाजला. साहेब मीटिंगला गेले होते, म्हणून मी उचलला. पलीकडून घुले बोलत होता. केडगावला मेव्हण्याकडं आलोय, असं त्यानं सांगितलं. मुक्काम दोन, परवा पहिल्या शिफ्टला येतो. मी लिहून घेतलं आणि साहेबांना सांगतो म्हणालो.

"सायबांना नगं," तो म्हणाला. "आईंना सांगायचं हाय." मग थोडा थांबून म्हणाला, "आन् जेवतोय म्हणावं. नीट जेवतोय."