अळ्यांची पांजरापोळ, तळोदे

कोणत्याही जिवाचा बंदोबस्त करायचा तर आधी त्याची सोय करावी लागते, हे राज्यकारभाराचे मूळ आहे. चोरासाठी तुरुंग आहे, मोकाट गुरासाठी कोंडवाडा आहे, वाट चुकलेल्या साहेबासाठी डाकबंगला आहे. भाजीची पाने खाणाऱ्या अळीसाठी मात्र कोणी काही बांधले नव्हते. ही उणीव तळोद्याने सन १९३४ मध्ये भरून काढली, आणि त्या कामी झिपरू पाटलाच्या गड्डाकोबीचा मोठा उपयोग झाला.

कोबी हे तेव्हा या भागात नवीन पीक होते. झिपरूने तो लावला तो शेतीच्या आवडीने नव्हे, रागाच्या भरात. लेकीच्या सुपारीला आलेल्या विहीणबाई, खापर गावच्या भिकुबाई, ताटातल्या वांग्याच्या भरिताकडे पाहून म्हणाल्या होत्या, "हाई ते आम्हना घर रोजनं शे. लगीनमा काही न देखेल खवाडशात का?"

"गड्डानी भाजी खवाडसू, विहीणबाई!" झिपरू उसळून म्हणाला. "खापरमा सात पिढीमा कोणी देखेल नही!"

झिपरूनेही तो देखेल, म्हणजे पाहिलेला, नव्हता. पण शब्द गेला. भिकुबाईंनी तो साऱ्या खापरभर वाटला. आता माघातल्या लग्नात गड्डा पानात पडला नाही, तर लेकीला सासरी जन्मभर रोज सकाळी तो ऐकावा लागणार, हे झिपरूला पक्के ठाऊक होते.

गड्डे मुठीएवढे झाले आणि अळ्या आल्या. झिपरूची बायको कौसाबाई पहाटे वाफ्यात शिरायची, अळ्या वेचायची आणि चपलेखाली दाबायची. ही पद्धत फार मागासलेली होती. (तिने अळ्या कमी होत.)

एके सकाळी मुंग्यांना साखर-पीठ घालायला निघालेले जेठमल शेठ बांधावर थबकले. "कौसाबाई, मारो मती! जीव है बापडो!" त्यांच्या डोळ्यांत खरेच पाणी होते. लंगड्या गुरांना पांजरापोळ आहे, म्हाताऱ्या घोड्यांना आहे, मग अळीनेच काय घोडे मारले, असा त्यांचा सवाल होता. दुकानामागची कपाशीची रिकामी वखार त्यांनी तिथल्या तिथे देऊन टाकली.

झिपरू नाही म्हणू शकला असता. पण वऱ्हाडाच्या स्वयंपाकाची तांब्याची मोठी भांडी शेठजींच्या समाजाच्या पंचांकडे होती, आणि लगोलग संस्थेच्या पाटीवर 'अध्यक्ष : झिपरू पाटील' असे रंगवायचे ठरले. आपले नाव रंगात पाहिल्यावर माणूस अळ्यांविषयी वेगळा विचार करू लागतो.

धुळ्याहून एक शेतकी साहेब उद्घाटनाला आले. त्यांनी अळी ओळखण्याच्या खुणा सांगितल्या त्या अशा : हिरवी अळी (पान कुरतडते), उंटअळी (पाठीची कमान करून चालते; पान कुरतडते), केसाळ अळी (हाताला खाज सुटते; पान कुरतडते). यावरून जी कुरतडते ती अळी, असा सर्वसाधारण निष्कर्ष निघाला व टाळ्या पडल्या. साहेबांच्या पत्रकात 'वेचून मारणे' असा उपाय छापला होता. शेठजींच्या विनंतीवरून समितीने त्यातला अर्धा उपाय एकमताने मंजूर केला.

मग कौसाबाई रोज टोपलीभर अळ्या वेचून वखारीत पोचवू लागली. गोगलगाय परत पाठवण्यात आली. (ती आपले घर बरोबर बाळगते, सबब निराधार नाही.) दाखूबाई शेठाणींनी पाहुण्यांपुढे भिजवलेली डाळ ठेवली, शिरा ठेवला, केशराचे दूध ठेवले. अळ्यांनी वळूनही पाहिले नाही. त्यांना कोबीच लागत होता, आणि तो साऱ्या तालुक्यात फक्त अध्यक्षांच्या मळ्यात होता.

"आधी त्या वावरमा ईसन सोताच्या सोता खायेत," कौसाबाई पानांचा भारा डोक्यावर चढवत म्हणाली. "आते आपून पानं तोडीसन, घर पोचाडीसन त्यास्ले ताट वाढी ऱ्हायनूत!"

"तू गप ऱ्हाय. मी अध्यक्ष शे."

"कोन्हा? अळ्यास्ना!"

आधी बाहेरची पाने गेली, मग आतलीही जाऊ लागली. संस्थेची भरभराट झाली. पहिल्या पंधरवड्यात मृत्यू शून्य, वजनात वाढ चौपट, तक्रार एक (अध्यक्षांच्या पत्नीची, दप्तरी दाखल).

आणि एका सकाळी सगळ्यांनी खाणे सोडले. भिंतीला चिकटून, अंग आखडून, हलेना की डुलेना. झिपरूला वाटले, सुटलो. शेठजींनी मात्र पाहताक्षणी हात जोडले. त्यांच्या जैन लोकांत पजुसणात, म्हणजे पर्युषणात, आठ दिवस अन्न सोडून बसतात, त्याला अठाई म्हणतात. कोबीशिवाय ज्याचा दिवस जात नव्हता त्याने कोबी सोडला, हे दुसरे काय असणार? अळ्यांनी अठाई धरली! बाया रोज वखारीपुढे तपाची गाणी म्हणू लागल्या. नवव्या दिवशी उपास सुटायचा म्हणून नंदुरबारहून बँड आला.

शेठजींनी दार उघडले. बँड वाजला. आतून पांढऱ्या फुलपाखरांचा एक ढगच बाहेर पडला, बाजारावर एक घिरटी घेतली आणि सगळा गाव हात जोडून पाहत असता थेट झिपरूच्या मळ्याकडे वळला. "उद्धार झाला!" शेठजी म्हणाले. अध्यक्षांना हार घातला गेला.

फुलपाखरे पानांवर अंडी घालतात. हे समितीला माहीत नव्हते. फुलपाखरांना माहीत होते.

माघात वऱ्हाड शिवेला लागले तेव्हा मळ्यात नुसते दांडे उभे होते, पानांच्या जागी जाळी. झिपरू बांधावर बसून दांडे मोजू लागला.

"आते विहीणले काय खवाडशात?" कौसाबाईने विचारले. "अध्यक्षपण?"

कौसाबाईने विळा घेतला, दांडे सपासप कापले, बारीक चिरले आणि शेठजींच्या तांब्याच्या पातेल्यात काळा मसाला, शेंगदाणा नि तेलाचा तवंग घालून रटरटा शिजवले.

भिकुबाईंनी पहिला घास बराच वेळ चावला. झिपरू त्यांच्या जबड्याकडे पाहत होता.

"अशी भाजी जनममा खादी नही," त्या अखेर म्हणाल्या. "चावाडी शे, पन न्यारी शे. याले पानंबी ऱ्हातस का?"

"ऱ्हातस ना," कौसाबाई पापणी न लववता म्हणाली. "त्या आम्ही टाकी देतस."

लेक सुखाने नांदली. खापरला पुढे कित्येक वर्षे कोबी आणला की पाने म्हशीला घालत आणि दांडा पाहुण्याला वाढत.

वखार पुढे पडली, पाटी गेली, पण संस्था बंद झाली असे समजू नये. वाचक आता हसत असतील. त्यांनी काल मेथी निवडताना निघालेली हिरवी अळी आठवावी. तिला मारवले नाही, घरात ठेववले नाही. कागदावर अलगद घेऊन खिडकीतून शेजाऱ्याच्या वाफ्यात सोडली, आणि दिवसभर मनाला बरे वाटले. संस्थेच्या नियमाप्रमाणे असे करणारा प्रत्येक जण आपोआप आजीव सभासद होतो. अध्यक्ष शेजारी असतो. त्याला अजून कोणी कळवलेले नसते, इतकेच.