प्रायोगिक म्हैस

"नव्या सरकारी पुडीत पेंढा कालवला की काडी न् काडी अंगी लागते. पंधरा दिवसांत दूध दुप्पट झालं नाही, तर नावाचा डॉक्टर नाही!" असं गुरांच्या डॉक्टरांनी आपल्या थोरल्या बहिणीला ठणकावून सांगितलं आणि तिची एकुलती एक दुभती म्हैस प्रयोगासाठी सरकारी आवारात नेऊन बांधली. ताईचं घर त्या म्हशीवरच चालायचं. पण धाकटा भाऊ शब्द देतोय म्हटल्यावर तिने दावं हातात दिलं.

पूड दुसऱ्याच दिवशी हजर झाली. पेंढा काही येईना. त्याची निविदा वरच्या कार्यालयात अडकली होती आणि प्रयोगाची मुदत तर सुरू झालेली. म्हैस भुकेने रेकायला लागली, डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. हेडक्लार्कने मात्र सावकाश चष्मा पुसून परिपत्रक वाचलं. त्यात पेंढ्याचं नावच नव्हतं. 'कोरडा, तंतुमय, एरवी निरुपयोगी असा पदार्थ' एवढंच होतं. तसला पदार्थ कार्यालयात तीन कपाटं भरून होता.

"अहो, त्या फायली आहेत," डॉक्टर म्हणाले.

"वीस वर्षांत कुणाला पचल्यात? पुडीची खरी परीक्षा हीच."

पूड खरोखरच नामी निघाली. शिपाई टाचण्या काढून द्यायचा आणि म्हैस चौकशी अहवालांचा डोळे मिटून रवंथ करायची. आठव्या दिवशी दूध दुप्पट झालं. मोठे साहेब पाहणीला आले, दोन कप चहा प्यायले आणि प्रयोग कायमस्वरूपी करून गेले. म्हशीच्या पाठीवर मालमत्ता क्रमांक पडला. आता ती परत हवी तर रीतसर अर्ज करा, असं ठरलं.

"नेलीस तेव्हा केला होतास का रे अर्ज?" ताईने विचारलं. डॉक्टरांनी चपलेचा अंगठा नीट केला.

महिनाभरात जुन्या फायली संपल्या. वैरण कमी पडू नये म्हणून एकपानी अर्ज नऊ पानी झाला, तोही तीन प्रतींत. परवा साध्या दाखल्यासाठी तो भरताना तुम्ही कपाळाला हात लावला असेल. तुमचा अर्ज तिने विशेष आवडीने खाल्ल्याची नोंद आहे.

ताईचा अर्ज डॉक्टरांनी स्वतः टेबलाटेबलावरून फिरवला. साहेब रजेवर, मग बैठकीत, मग पुन्हा रजेवर. अकराव्या दिवशी आदेश हातात पडला. म्हशीला सोडताना तो फाटकावर दाखवायचा होता आणि त्याची दुसरी प्रत निघत नव्हती. फाटकाबाहेर ताई सकाळपासून ताटकळत उभी होती. डॉक्टर धावतच गोठ्यात गेले. दाव्याची गाठ घट्ट बसलेली. ती सोडायला दोन्ही हात लागत होते, म्हणून त्यांनी आदेश क्षणभर गव्हाणीच्या कठड्यावर ठेवला.

संध्याकाळी नोंदवहीत डॉक्टरांनीच लिहिलं : आज दूध अर्धा लिटर जादा.