गभणे वकिलांचा गोळाभात

मुलांनो, भंडाऱ्यात आमच्या शेजारी गभणे वकील राहत. सकाळी पक्षकारांना ते स्वयंपाकघरात भेटत, तेही पंचा नेसून, वांगी चिरता चिरता. त्यांच्या पत्नी सुमनताईंची सकाळची शाळा असे. त्यामुळे स्वयंपाक वकिलांकडे आला होता, आणि आता तो त्यांना परत द्यायचा नव्हता.

एकदा मी विरजण मागायला गेले, तर बपेऱ्याचा एक शेतकरी ओट्यापाशी उकिडवा बसला होता. पंच्यातले वकील त्याला आचारी वाटले.

"काय गा, साहेब उठले का? शेताच्या धुऱ्याचं, बांधाचं भांडण हाये."

"उठले. धुऱ्यावरचा दगड कोणं सरकवला?"

"खरं सांगू? मीनंच. पण साहेबाले नोको सांगू."

वकिलांनी हात धुतले, खुंटीवरचा काळा कोट चढवला आणि त्याच्यासमोर येऊन बसले. "आचाऱ्यानं सांगितलं मले," म्हणाले. "आता भांडण आपसात मिटव."

तो गेल्यावर मला म्हणाले, "वहिनी, कोटासमोर माणूस सांभाळून बोलते. वांगी चिरणाऱ्याले खरं सांगते."

कोर्टात त्यांची एक तारीख चुकली नाही, घरी एक फोडणी करपली नाही. मात्र भाजीला नाव ठेवलं की उलटतपासणी सुरू. "तिखट म्हणजे किती? याच्या आधी काय खाल्लं होतं?" आमचे हे तर त्यांच्याकडे मुकाट्यानं जेवायचे.

पण एका माणसापुढे वकिलांचं काही चालत नसे. कोंढ्याहून त्यांचे वडील आले की फक्त सुनेच्या हातचं जेवत. "मीनं तुले वकील केला, सैपाकी नाई," म्हणत आणि मुलानं वाढलेलं ताट बाजूला सारत. सुमनताई म्हणाल्या, माझं नाव सांगून वाढा. वकील म्हणाले, "खोट्या नावानं काही दाखल करत नाही मी."

ऐंशी सालाच्या आसपास म्हाताऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी भेटायला गेले. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, आणि पुढ्यात गोळाभात. वाफाळता भात, त्यात डाळीच्या भरड्याचे गोळे, वर हिंगाचं कढत तेल.

"सुनबाई, वास चांगला येऊन राहिला," म्हातारे म्हणाले.

मी वकिलांकडे पाहिलं. त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं.

"बाबा, सुमन शाळेत गेली. हे मीनं केलं."

म्हाताऱ्यांचा हात भातावरच थांबला. वकील तेलाची पळी धरून उभे. शेवटी म्हाताऱ्यांनी चाचपडत एक गोळा फोडला, तेलात कालवला आणि पहिला घास घेतला. मग शेवटच्या शितापर्यंत जेवले.

वकील त्यांच्या हातावर तांब्यानं पाणी घालू लागले, तेव्हा म्हाताऱ्यांनी विचारलं, "उद्याले काय करशीन?"

पाणी संपलं तरी वकील तांब्या तसाच वाकडा धरून उभे होते.