सरांनी दुर्बीण पारखली

"दुर्बीण मीच निवडतो," असं भूगोलाचे सर म्हणाले, तेव्हा त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. सासरे जन्मभर प्रवासी बोट चालवून निवृत्त झालेले. त्यांच्या वाढदिवसासाठी मेहुण्यानं एक जुनी बोट दुरुस्त करून घेतली होती. तिच्यावर वापरायला दुर्बीण भेट द्यायची आणि सासऱ्यांना सुगावा लागू द्यायचा नाही, असं सर, त्यांची बायको आणि मेहुणा या तिघांत ठरलं.

दुकानात सरांनी दोन दुर्बिणी बाजूला काढल्या. एक बारापट मोठं दाखवणारी, दुसरी सातपट. बोट हलते, त्यामुळे जास्त पटीच्या दुर्बिणीतलं चित्रही थरथरतं, हे त्यांनी वाचलं होतं. पण वाचलेल्यावर विश्वास ठेवतील तर ते सर कसले!

"बाहेर जाऊन बघू का?" त्यांनी विचारलं.

"बघा ना," दुकानातली मुलगी म्हणाली. "लांबचं काहीतरी बघा."

सर फुटपाथवर आले. समोरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या खिडकीच्या काचेवर काही बारीक अक्षरं होती. सरांनी पाय फाकवले, डोळ्यांना बारापटीची दुर्बीण लावली आणि लाटेवर असल्यासारखे डुलू लागले. पहिलं अक्षर 'म' असावं, एवढंच कळलं. मग त्यांनी सातपटीची लावली आणि पुन्हा डुलले. 'महिला' लागलं. पुढचं वाचणार, तोच काचेवर पडदा ओढला गेला. सर पडदा उघडायची वाट बघत डुलतच राहिले.

थोड्या वेळानं व्यायामाच्या कपड्यांतल्या चार बायका खाली आल्या. पुढे त्यांच्या शिक्षिका होत्या.

"काय बघताय?"

"अक्षरं."

"कुठली?"

"ती आता पडद्यामागे गेली."

"काचेवर 'महिला व्यायामवर्ग' लिहिलंय," शिक्षिका म्हणाल्या.

सरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मी बोटीसाठी दुर्बीण घेतोय."

"मग डुलत का होतात?"

"बोट डुलते म्हणून."

"इथं बोट कुठाय?"

तेवढ्यात मागची एक बाई पुढे झाली आणि निरखून बघत म्हणाली, "तुम्ही आमच्या मुलीला भूगोल शिकवता ना?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सरांना झालं. त्यांनी घाईघाईनं मेहुण्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला. "अरे, मी बोटीसाठी दुर्बीण घ्यायला आलोय ना? इथं जरा सांग."

पलीकडे मागून सासऱ्यांचा खोकला ऐकू आला.

"कसली दुर्बीण, भावोजी?" मेहुणा म्हणाला. "भलतंच काय?" आणि त्यानं फोन ठेवला. दिलेल्या शब्दाला जागला बिचारा.

आता दुकानातली मुलगीही दारात येऊन बघत होती. सर खाली मान घालून उभे राहिले. तेव्हा जिन्यावरून आणखी एक बाई हळूहळू उतरल्या. ढगळ विजार, पायांत बूट, कपाळावर घामाची पट्टी. सरांनी वर पाहिलं आणि लगेच पुन्हा खाली पाहिलं. त्या सासूबाई होत्या. आजारी मैत्रिणीला पुस्तक वाचून दाखवायला जाते, असं त्या घरी सांगत.

सासूबाईही पायरीवरच थबकल्या. परत वर जावं की काय, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. मग त्या खाली आल्या.

"हे माझे जावई आहेत," त्या शिक्षिकेला म्हणाल्या. "माणूस सरळ आहे. फक्त कुठं उभं राहावं ते कळत नाही."

बायका एकेक करून वर गेल्या. सासूबाईंनी सातपटीची दुर्बीण घेतली, डोळ्यांना लावली आणि खिडकीकडे बघितलं. पडदा पुन्हा उघडला होता.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "सगळंच दिसतं की."

"आई, मी खरंच अक्षरं..."

"हीच घ्या, जावईबापू. आणि मला तुम्ही बघितलेलं नाही."

"तुम्हीही मला नाही."

वाढदिवसाला बोट किनाऱ्यापासून बरीच लांब गेली. सासऱ्यांनी हलत्या बोटीवर उभं राहून दुर्बीण लावली आणि बराच वेळ खाली केली नाही.

"चित्र जराही थरथरत नाही," ते म्हणाले. "दुकानात उभं राहून हे कळत नाही हो. कशी पारखलीत?"

सर पाण्याकडे बघू लागले. सासूबाई आधीपासूनच पाण्याकडे बघत होत्या.

"ते जाऊ द्या," सासरे खुशीत म्हणाले. "माझ्या दोन मित्रांनाही अश्शाच हव्यात. या आठवड्यात त्यांना घेऊन आपण दोघं त्याच दुकानात जाऊ. तुम्ही कशी पारखता, ते मला बघायचंय."